वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील राज्यांच्या जमिनींवर शिकार आणि मासेमारी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलांकडे तिकडे जाऊन येणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील एकाच विषयाचे सहा प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. अमेरिकेत सार्वजनिक जमिनी केंद्र सरकारच्याही आहेत आणि त्या त्या राज्याच्याही. इथे विचार मुख्यतः राज्यांच्या जमिनींचा आहे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात आणि दरवर्षी नव्याने प्रसिद्ध होतात, म्हणून हंगामाच्या तारखा व शुल्क यांसाठी चालू वर्षाची अधिकृत पुस्तिकाच प्रमाण मानावी.

प्रश्न : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार हा गुन्हा ठरला. माझा मुलगा मिनेसोटात असतो. तिथे सरकारने राखलेल्या रानात लोक परवाना काढून हरणे मारतात आणि त्यालाच संवर्धन म्हणतात. हे माझ्या मनाला पटत नाही. याचा अर्थ काय समजायचा? — नाशिकचे एक वाचक

उत्तर : आपल्या मनाला जे पटत नाही ते पटवून देण्याचा माझा हेतू नाही. मात्र ही व्यवस्था कशी उभी राहिली ते कळले, तर तिचे मूल्यमापन अधिक न्यायाने करता येईल. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व असे की, रानातला प्राणी ज्या जमिनीवर उभा आहे त्या जमिनीच्या मालकाचा तो नसतो. तो जनतेचा असतो आणि राज्य हे त्याचे विश्वस्त असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४२ आणि १८९६ मधील निकालांतून हा विचार मांडला. पुढे १९७९ मध्ये राज्याच्या ‘मालकी’ची भाषा न्यायालयाने बाजूला केली, तरी विश्वस्तपणाची कल्पना टिकून राहिली. म्हणूनच आपल्या स्वतःच्या शेतात आलेले हरीण मारायलाही तिथल्या शेतकऱ्याला राज्याचा हंगाम आणि राज्याचे नियम पाळावे लागतात.

एकोणिसाव्या शतकात मात्र ही कल्पना कागदावरच होती, कारण शिकार हा उघड बाजाराचा धंदा झालेला होता. कोट्यवधींच्या थव्यांनी उडणारे प्रवासी कबूतर त्या धंद्याला आणि जंगलतोडीला बळी पडले, आणि त्या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक करणे गुन्हा ठरवले, राज्याराज्यांनी रानातल्या प्राण्यांच्या मांसाची विक्री बंद केली, आणि शिकारीला हंगाम, परवाना व दैनिक मर्यादा यांच्या चौकटीत आणले. शिकार राहिली, पण तिचा बाजार गेला.

पैशाची बाजू त्यानंतर आली, आणि माझ्या मते सगळ्यात निर्णायक तीच ठरली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरील ११ टक्के कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. पुढे पिस्तुले आणि धनुष्यबाण यांवरील करही त्यात आले. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या सामानासाठी तशीच तरतूद केली. ही रक्कम राज्यांना वाटली जाते. मान्य झालेल्या कामाच्या खर्चापैकी साधारणपणे तीन चतुर्थांश भाग केंद्राकडून मिळतो आणि उरलेला राज्याने उभा करायचा असतो. त्यातली अट फार महत्त्वाची आहे : परवान्यांतून जमणारा पैसा राज्याला वन्यजीव आणि मत्स्य खात्याच्या कामाबाहेर वळवता येत नाही. रस्ते किंवा इतर खात्यांचे पगार यांसाठी तो पैसा ओढला गेला, तर केंद्राचा वाटाही हातचा जातो.

आपला मुलगा राहतो त्या मिनेसोटात अशा प्रकारे राखलेली १,४०० हून अधिक वन्यजीव क्षेत्रे आहेत आणि त्यांचा विस्तार सुमारे १३ लाख एकर आहे. त्यांतली पुष्कळशी जमीन पाणथळ आहे किंवा गवताळ कुरणांची आहे. ती कुणी विकत घेऊन राखली नसती, तर तिचा निचरा करून तिथे मका आणि सोयाबीन पेरले गेले असते. शिकारीसाठी राखलेल्या त्या दलदलीत बदकांबरोबर ज्यांची शिकार कधीच होत नाही असे असंख्य पक्षी, बेडूक आणि कीटकही जगतात. या व्यवस्थेचा दोषही सांगायला हवा. परवान्याच्या पैशावर चालणारे खाते ज्या जातींचा परवाना निघतो त्यांच्याकडे अधिक लक्ष देते, आणि इतर जीवांच्या वाट्याला निधी कमी येतो. ही टीका तिथले जाणकारही करतात, आणि ती योग्य आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात आई-वडील भारतातून येणार आहेत. मुलांना गळ टाकायला शिकवावे आणि जमल्यास मासे व खेकडे घरी आणून शिजवावेत असा विचार आहे. कुठे जावे आणि काय काय लागते? — एडिसनच्या एक वाचक

उत्तर : आपल्या राज्यात साडेतीन लाख एकरांच्या आसपास जमीन ‘वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया’ म्हणून राखलेली आहे. परवान्यांच्या पैशांतून आणि १९६१ पासून चालू असलेल्या ‘ग्रीन एकर्स’ या राज्याच्या जमीन-खरेदी योजनेतून यातली बरीच जमीन घेतलेली असल्यामुळे मासेमारी हा तिच्या मूळ हेतूचाच भाग आहे. त्याच कारणाने तिथे मुक्काम करणे आणि पाण्यात पोहणे चालत नाही. सहलीची जागा म्हणून तिच्याकडे पाहू नये. पोहणे, खाणेपिणे आणि मासेमारी असा दिवस घालवायचा असेल, तर तळे असलेले स्टेट पार्क अधिक सोयीचे पडेल.

गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी वयाच्या १६ व्या वर्षापासून परवाना लागतो. मुले त्याहून लहान असतील तर त्यांना तो नको, पण मुलाचा गळ आपण स्वतः हातात घेऊन मासेमारी करू लागलात, तर आपल्याजवळ परवाना असायला हवा. आपल्या आई-वडिलांना रहिवासी समजले जाणार नाही. त्यांच्यासारख्या पाहुण्यांसाठी सात दिवसांचा वेगळा परवाना मिळतो. ट्राउट मासा धरायचा असेल तर परवान्यावर ट्राउटचा वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, कारण तिथल्या ओढ्यांतले बरेचसे ट्राउट राज्याच्या पेक्वेस्ट येथील केंद्रात वाढवून सोडलेले असतात आणि तो खर्च या स्टॅम्पमधून निघतो. समुद्राच्या पाण्यात आपले राज्य परवाना मागत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात मासेमारी करणाऱ्यांसाठी असलेली नोंदणी करावी लागते. ती विनाशुल्क आहे.

खेकड्यांविषयी आपण विचारलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण किनाऱ्यालगतच्या खाड्यांत निळा खेकडा चांगला मिळतो आणि नुसती दोरी व आमिष किंवा लहान जाळे वापरले तर त्याला परवानाही लागत नाही. पिंजरा लावायचा असेल तर मात्र लागतो. अंडी असलेली मादी ताबडतोब पाण्यात सोडायची असते. आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. एडिसनपासून जवळ पडतात म्हणून न्यूअर्क बे, आर्थर किल, पसेइक नदीचा भरती-ओहोटीचा भाग किंवा हॅकेन्सॅक नदीचा तसाच भाग येथून खेकडे आणू नका. तिथल्या गाळात डायऑक्सिन साठलेले आहे आणि या भागात निळा खेकडा पकडण्यावरच बंदी आहे. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही.

माशांच्या बाबतीतही राज्य दरवर्षी कोणत्या पाण्यातला कोणता मासा किती खावा याचा सल्ला प्रसिद्ध करते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि पुढे मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रिया यांच्यासाठी त्यातल्या मर्यादा अधिक कडक असतात. राज्याच्या दक्षिणेकडील पाइन बॅरन्स या वनप्रदेशाच्या आम्लधर्मी तळ्यांतील पिकरेल आणि मोठे बास या माशांत पारा जास्त आढळतो. सोडलेला ट्राउट आणि लहान सनफिश हे त्या मानाने निर्धास्तपणे खाता येतात, आणि मुलांच्या पहिल्या गळाला बहुधा सनफिशच लागतो. मर्यादेपेक्षा लहान मासा ओल्या हाताने धरून सोडावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. मुलांना शिकवायची पहिली गोष्ट मला तरी हीच वाटते.

प्रश्न : फोनवरच्या नकाशात आमच्या घरापासून तासाभरावर राज्याच्या मालकीचा एक मोठा चौकोन निळ्या रंगात दिसतो. प्रत्यक्ष गेलो तर कुंपण आणि ‘प्रवेश बंद’ची पाटी. जमीन सार्वजनिक असताना अशी पाटी लावणे कायदेशीर आहे का? — डेन्व्हरचे एक वाचक

उत्तर : बहुधा कायदेशीर आहे, आणि त्याचे कारण सव्वादोनशे वर्षांहून जुने आहे. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने पश्चिमेकडील प्रदेशाची सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा चौकोनांत मोजणी ठरवली. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग पडले. एक भाग म्हणजे ६४० एकर. त्यातला सोळावा भाग गावच्या शाळेसाठी राखायचा असे ठरले. पुढे नव्या राज्यांना सोळावा आणि छत्तिसावा असे दोन भाग मिळू लागले. १८७६ मध्ये राज्य झालेल्या कोलोराडोलाही तसेच मिळाले. युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या कोरड्या प्रदेशांना तर चार-चार भाग दिले गेले, कारण तिथल्या एकरातून उत्पन्न कमी निघणार हे उघड होते. आपल्याला नकाशात दिसलेला चौकोन हा अशाच ‘ट्रस्ट’ जमिनीचा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

ही जमीन राज्याची असली तरी ती फिरण्यासाठी दिलेली नाही. शाळांना पैसा मिळावा म्हणून दिलेली आहे. ती सांभाळणाऱ्या मंडळावर कायद्याने बंधन आहे की त्यांनी चराई, शेती, खनिजे, पवनचक्क्या अशा मार्गांनी तिच्यातून उत्पन्न काढावे. म्हणून कोलोराडोत ट्रस्ट जमीन ‘बंद’ हाच नियम आहे आणि ‘खुली’ हा अपवाद. राज्याचे वन्यजीव खाते मंडळाला भाडे देऊन काही जमिनी शिकार आणि मासेमारीसाठी खुल्या करून घेते. त्यांची यादी आणि नकाशे खात्याच्या संकेतस्थळावर असतात, आणि त्याही बहुतेक वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच खुल्या असतात. आपला चौकोन त्या यादीत नसेल, तर कुंपण ओलांडणे हा गुन्हा ठरेल.

शेजारी वायोमिंगमध्ये उलट आहे. तिथे ट्रस्ट जमीन शिकार आणि मासेमारीला साधारणतः खुली असते, पण तिच्यावर मुक्काम, शेकोटी आणि रस्ता सोडून गाडी चालवणे यांना सामान्यतः मनाई आहे, आणि पीक उभे असलेले तुकडे वगळलेले आहेत. ॲरिझोनात वैध परवाना असलेला शिकारी हंगामात ट्रस्ट जमिनीवर वेगळी परवानगी न काढता जाऊ शकतो, तर नुसत्या फिरायला आलेल्या माणसाला मात्र तिथे स्वतंत्र परवानगी काढावी लागते. नेवाडाने आपल्या जवळपास सगळ्या शाळा-जमिनी पूर्वीच विकून टाकल्या, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरला नाही. नकाशातला एकच रंग राज्याची सीमा ओलांडताच वेगळा अर्थ धारण करतो, आणि म्हणून जमिनीचा मालक कोण हे पाहून थांबू नये. ती कोणत्या कामासाठी घेतली किंवा दिली गेली हेही विचारावे. मला या विषयात सांगण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

याच्या उलट टोकाला आपल्याच राज्यातील ‘स्टेट वाइल्डलाइफ एरिया’ आहेत. त्या शिकारी आणि मासेमार यांच्या पैशातून घेतलेल्या किंवा भाड्याने ठेवलेल्या आहेत. फेरफटका मारणाऱ्यांची गर्दी वाढून प्राणी विचलित होऊ लागले, तेव्हा २०२० च्या जुलैपासून खात्याने नियम केला की मोठ्या माणसाने तिथे पाऊल टाकताना शिकार किंवा मासेमारीचा परवाना (पुढे त्याऐवजी त्या क्षेत्रांसाठीचा पासही चालू लागला) जवळ बाळगावा. मग तो नुसते पक्षी पाहायला आलेला का असेना. काहींना हे अन्यायाचे वाटले. मला ते रास्त वाटते, कारण ज्या जमिनीचा खर्च एका गटाने इतकी वर्षे उचलला, तिचा लाभ घेताना दुसऱ्यांनीही थोडा हातभार लावावा यात वावगे नाही.

पश्चिमेत आणखी एक अडचण भेटते. राज्याचे काही तुकडे चारही बाजूंनी खासगी जमिनीने वेढलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा सार्वजनिक रस्ताच नसतो. पश्चिमेकडील ११ राज्यांत राज्यांच्या मालकीची अशी जमीन ६० लाख एकरांहून अधिक आहे. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे जिथे सार्वजनिक आणि खासगी चौकोन एकाआड एक येतात, तिथे एका सार्वजनिक चौकोनाच्या कोपऱ्यावरून समोरच्या सार्वजनिक चौकोनात पाय टाकता येतो का, हा वाद अनेक वर्षे चालला. वायोमिंगमधील चार शिकाऱ्यांच्या प्रकरणात दहाव्या सर्किटच्या (काही राज्ये मिळून केलेल्या केंद्रीय न्यायालयीन विभागाच्या) अपील न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. कोलोराडो या सर्किटमध्ये येते. तरीही सावध राहा : तो निकाल केंद्राच्या जमिनीबद्दल आणि १८८५ च्या बेकायदा कुंपणांविरुद्धच्या कायद्यावर उभा आहे. त्यामुळे जिथे राज्याच्या ट्रस्ट जमिनीचा कोपरा येतो तिथे, आणि मोंटानासारख्या दुसऱ्या सर्किटमधील राज्यात, त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका.

नद्यांचेही असेच. मोंटानात १९८५ च्या कायद्यानुसार नदीचा तळ कुणाच्याही मालकीचा असला, तरी सार्वजनिक ठिकाणाहून आत उतरून नेहमीच्या उच्च जलरेषेच्या, म्हणजे पाणी एरवी जिथवर चढते त्या खुणेच्या, आत राहून गळ टाकता येतो. आपल्या राज्यात मात्र खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीचा तळ खासगी असू शकतो, आणि तिथे पाण्यात पाय ठेवणेही जमीनमालकाच्या परवानगीवाचून धोक्याचे आहे. न्यूयॉर्क राज्याने तिसरी वाट काढली. तिथे राज्याने शेतकऱ्यांकडून ओढ्याकाठची अरुंद पट्टी विकत न घेता फक्त तिच्यावरून चालत मासेमारी करण्याचा हक्क विकत घेतला आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, आणि त्या पट्टीवर बसून डबा खाण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. कार्यालयातील मित्र हंगामात शिकारीला नेतो म्हणतो. मला बंदूक हाताळता येते का? टेक्सासमध्ये सार्वजनिक जमीन मिळते का? — डॅलसचे एक वाचक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट वाचा, कारण इथे झालेली चूक आपल्या भविष्यावर परिणाम करू शकते. केंद्राच्या कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. ‘बाळगणे’ म्हणजे विकत घेणे एवढेच नव्हे. मित्राची बंदूक काही मिनिटे हातात धरणेही त्यात येऊ शकते, आणि नेमबाजीच्या मैदानावर ‘एकदा चालवून बघ’ म्हणून दिलेली बंदूकही. याच कायद्यात एक अपवाद आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना ज्याच्याजवळ आहे त्याला ही बंदी लागू होत नाही. मासेमारीचा परवाना यासाठी चालत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी शिकारीचा परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो हे विसरू नका, आणि व्हिसाची काही गुंतागुंत असेल तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाला आधी विचारा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही विशिष्ट बंदी लागू नाही. धनुष्यबाण ही केंद्राच्या कायद्याने बंदूक ठरत नाही, त्यामुळे अनेक जण तिथून सुरुवात करतात.

परवान्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. टेक्सासमध्ये सलग सहा महिने राहिलेली व्यक्ती रहिवासी दराने परवाना घेऊ शकते. अर्जावर सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारतात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करता यावी म्हणून १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना तो घ्यायला लावला आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक असते. १७ वर्षे किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीला ते पूर्णपणे ऑनलाइन करता येते, आणि एका राज्याचे प्रमाणपत्र इतर राज्ये मानतात. तरी शक्य असेल तर प्रत्यक्ष वर्गात बसून शिका. बंदुकीची नळी कोणत्या दिशेला आहे याचे भान नुसते वाचून अंगवळणी पडत नाही.

आता जमीन. टेक्सास १८४५ मध्ये संघराज्यात आले तेव्हा त्याने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवली आणि पुढे बहुतेक विकून टाकली. आज राज्याचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग खासगी आहे. त्यामुळे तिथले बरेच शिकारी पैसे देऊन खासगी रानात जातात. सामान्य माणसासाठी राज्याने वार्षिक सार्वजनिक शिकार परवानगी काढली आहे. ४८ डॉलरच्या या परवानगीवर सुमारे दहा लाख एकर जमीन खुली होते. तीत राज्याची वन्यजीव क्षेत्रे आहेत आणि कबुतरांच्या शिकारीसाठी शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली शेतेही आहेत. नवशिक्यासाठी १ सप्टेंबरला उत्तर आणि मध्य विभागांत सुरू होणारा कबुतरांचा हंगाम सर्वांत सोपा. हरणासाठी राज्य सोडत काढते; काही स्टेट पार्क त्या मोजक्या दिवसांत इतरांसाठी बंद ठेवून सोडतीत नाव निघालेल्यांनाच आत घेतात. आणि मन शिकारीकडे वळत नसेल, तर टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून मासेमारी करायला परवानाच लागत नाही. मर्यादा आणि मापाचे नियम तेवढे पाळावे लागतात.

प्रश्न : आम्ही शिकार करत नाही, पण पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट गेम लँड्समधून चालायला जातो. शरद ऋतूत तिथे जाणे सुरक्षित आहे का? — पिट्सबर्गच्या एक वाचक

उत्तर : जाता येते, पण त्या जमिनी प्रथम शिकाऱ्यांसाठी आहेत हे लक्षात ठेवून जावे. १९२० पासून परवान्यांच्या पैशातून घेत घेत त्या १५ लाख एकरांवर गेल्या आहेत. १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात तिथे फिरणाऱ्यांनाही भडक नारिंगी कपडे घालणे नियमाने आवश्यक आहे. माझ्या मते ऑक्टोबरपासूनच नारिंगी जाकीट आणि टोपी घालावी, कुत्र्यालाही नारिंगी पट्टा बांधावा, आणि पहाट व सांज टाळावी, कारण हरणे आणि शिकारी दोघेही त्याच वेळी हालचाल करतात. पूर्वी अनेक जण रविवारी निश्चिंत जात असत. रविवारच्या शिकारीवरील जुनी बंदी आधी २०१९ मध्ये सैल झाली आणि २०२५ मध्ये कायद्यातून काढली गेली, त्यामुळे ती सवय आता सोडावी लागेल. झाडाच्या बुंध्यावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तिथून पुढे खासगी हद्द सुरू होते असे समजावे.

प्रश्न : शेजाऱ्यांनी राज्याच्या जमिनीवर मारलेल्या हरणाचे मांस आम्हाला भेट दिले. ते घेणे कायदेशीर आहे का, आणि हरणांच्या रोगाविषयी जे ऐकतो त्यामुळे ते खावे का? — मॅडिसन, विस्कॉन्सिन येथील एक वाचक

उत्तर : भेट म्हणून घेणे कायदेशीर आहे, विकत घेणे नाही. रानातल्या हरणाचे मांस कोणत्याही किमतीला विकता येत नाही, आणि हा नियम पहिल्या उत्तरात सांगितलेल्या त्या जुन्या बाजाराच्या अनुभवातूनच आलेला आहे. शेजाऱ्यांकडून त्या हरणाच्या नोंदणीचा क्रमांक लिहून घ्या आणि तो डब्यावर चिकटवून ठेवा.

रोगाचा प्रश्न गंभीर आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होणारा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतील एका संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, २००२ मध्ये. तो हरणाला हळूहळू खंगवून मारतो, त्यावर औषध नाही, आणि शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाहीत. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले एकही उदाहरण नाही. तरीही रोग असलेल्या भागातील हरणाची तपासणी करावी आणि ती सकारात्मक आली तर मांस खाऊ नये, असा केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे, आणि तो पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. विस्कॉन्सिनचे खाते ही तपासणी विनाशुल्क करते. त्यासाठी हरणाच्या घशाजवळील लसिका ग्रंथी द्याव्या लागतात, म्हणून नमुना बहुतेक वेळा डोके आणि मानेच्या वरच्या भागासह दिला जातो. शेजाऱ्यांनी तो दिला होता का आणि निकाल काय आला, हे विचारण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही. जबाबदार शिकाऱ्याला हा प्रश्न अपेक्षितच असतो.

मांस दुसऱ्या राज्यातील नातेवाइकांना न्यायचे असेल, तर हाडे काढलेले तुकडेच न्या. मेंदू, पाठीचा कणा किंवा अख्खे धड घेऊन राज्याची सीमा ओलांडायला बहुतेक राज्यांत बंदी आहे, कारण रोग अशा अवशेषांतून नव्या जागी पोहोचू शकतो.

खिमा करण्यापूर्वी आणखी एक काळजी घ्या. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात. २००८ मध्ये मिनेसोटात गरजूंना वाटण्यासाठी दिलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळले होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीसाठी शिशाची काडतुसे बंद केली आहेत. विस्कॉन्सिनमध्ये हरणांसाठी ती अजून चालतात. शेजाऱ्यांनी तांब्याची गोळी वापरली असेल तर काळजी नाही. शिशाची असेल, तर जखमेभोवतीचा मोठा भाग काढून टाकलेला आहे ना याची खात्री करून घ्या, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर त्या हरणाचा खिमा त्यांना देऊ नका.